दहापैकी दोन गुणांचे गुरुजी

नेमणुकीचा कागद घेऊन मी निंबखेड्याच्या शाळेत पोचले तो शनिवार होता. बोरीपर्यंत एस.टी. आणि पुढे दोन कोस बैलगाडी. पोचेपर्यंत केसांत, कानांत, टिफिनच्या डब्यातसुद्धा धूळ. परभणीसारख्या शहरात वाढलेली मी, पहिली नोकरी, त्यातून मुख्याध्यापक फार कडक आहेत असं बोरीत कुणीतरी सांगितलेलं.

शाळेच्या दारातून आत पाहिलं. टेबलामागच्या खुर्चीत पांढऱ्या दाढीचे, डोक्याला चौकड्याचा रुमाल बांधलेले एक गृहस्थ ताठ बसले होते. मी आत जाऊन वाकून नमस्कार केला आणि कागद पुढे धरला.

"सर, मी रुजू व्हायला आले."

गृहस्थांनी कागद उलटा धरून मन लावून पाहिला आणि मला परत दिला.

"मै हेडमास्तर नै, बेटी. मै कल्हईवाला. हेडमास्तर ओ है, भाता मारायलेत."

खाली पाहिलं. वर्गाच्या मधोमध फरशा काढून खड्डा केला होता. भोवती पन्नास-साठ पोरं उकिडवी बसलेली. एक पन्नाशीचा उंच माणूस धोतराचा काचा मारून, तोंडभर काजळी घेऊन भाता हलवत होता. त्यानं मला पाहिलं, हात न थांबवता मान हलवली आणि म्हणाला, "या बाई. बसा खाली. करीमचाचा, हां, आता नवसागर टाकायचा का?"

"अब्बी नै!" खुर्चीतून आवाज आला.

पण गुरुजींनी टाकला होता. धुराचा पांढरा लोट उठला. सगळी शाळा खोकत बाहेर पळाली. पाठोपाठ मीही, हातात नेमणुकीचा कागद घेऊन. धूर ओसरल्यावर आत आलो तेव्हा गुरुजी फळ्याशी उभे होते. त्यांची डावी भुवई निम्मी जळाली होती. त्यांनी खडू करीमचाचांच्या हातात दिला. चाचांना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांनी बोटं दाखवली आणि गुरुजींनी स्वतःच फळ्याच्या कोपऱ्यात मोठ्या वळणदार अक्षरात लिहिलं: खिल्लारे गुरुजी, कल्हई, दहापैकी दोन.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजी खुशीत माझ्याकडे वळले. "मागच्या शनिवारी एकच पडला होता," ते म्हणाले.

खिल्लारे गुरुजींची आणि माझी ओळख झाली ती अशी.

तो 'उस्तादाचा तास' होता. शनिवारी सकाळची शाळा, आणि शेवटचे दोन तास गुरुजींनी परस्पर बाजूला काढलेले. ज्याला हातानं काही उत्तम करता येतं अशा माणसाला गुरुजी आठवडाभर आधी जाऊन रीतसर आमंत्रण द्यायचे. उस्तादानं खुर्चीत बसायचं. गुरुजींनी पोरांबरोबर खाली बसायचं, सगळ्यांत आधी स्वतः करून बघायचं, आणि शेवटी उस्तादानं गुरुजींना गुण द्यायचे. पोरांना गुण नाहीत. पोरांनी फक्त शिकायचं. आमचे आणखी दोन मास्तर बोरीहून सायकलीनं यायचे, ते शनिवारी त्या तासाच्या आधीच सायकलीला टांग मारायचे. राहायचे गुरुजी आणि मी.

मजा अशी, की या माणसाला हाताची एकही कला आली नाही. खोटं नाही सांगत. गणित असं शिकवायचे की मठ्ठातलं मठ्ठ पोरगं त्रैराशिक तोंडी सोडवायचं. अक्षर मोत्यासारखं. पण खडू सोडून दुसरं काही हातात आलं की त्यांची बोटं परक्याची असल्यासारखी वागायची. शिवायला बसले की सदरा आणि धोतर एकत्र शिवायचे. कुंभारानं चाकाशी बसवलं तर मडकं सुटून पहिल्या रांगेत. त्याचं त्यांना दुःख नव्हतं. उलट 'हे मला येत न्हाई' हे वाक्य ते दुसरा माणूस 'माझं घर दुमजली आहे' म्हणेल तशा थाटात म्हणायचे.

रुजू झाल्यावर चारच दिवसांत त्यांनी मला भर वर्गात विचारलं, "बाई, तुमाला काय येतंय?"

"डी.एड. झालंय," मी म्हटलं.

"ते कागदावर हाय. हातानं काय येतंय?"

मी लाजले, थोडी चिडलेही. "काही नाही," म्हटलं.

गुरुजी पोरांकडे वळले. "बघा रे, नव्या बाई खरं बोलतेत. वाजवा टाळ्या." आणि अख्ख्या शाळेनं माझ्या अडाणीपणाला कडकडून टाळ्या दिल्या.

भाकरीचा शनिवार मी विसरणं शक्य नाही. शाळेच्या भिंतीला लागून गोदामावशीचं घर होतं. तिची ज्वारीची भाकरी तव्यावर फुगली की बुडबुड्यासारखी गोल व्हायची. गुरुजींनी तिला आमंत्रण दिलं तेव्हा आधी तिला वाटलं थट्टा चाललीय, आणि ती पदर तोंडाला लावून खूप हसली. मग ती इरकल नेसून आली, खुर्चीच्या अगदी टोकावर टेकली, आणि पाचच मिनिटांत तिची जीभ सुटली.

पीठ पोरांनी मळायचं असं ठरलं होतं. पोरींनी नाही, गुरुजींचा हुकूम. "पोरींना येतंय. ज्याला येत न्हाई त्यानं शिकायचं." आणि सहावीतल्या मिसरूड फुटू लागलेल्या पोरांना परातीसमोर बसवलं. पोरी मागे उभ्या राहून खिदळत होत्या. पोरांच्या माना खाली. मग गुरुजींनी बाह्या सारल्या आणि सगळ्यांच्या पुढे स्वतःची परात ओढली.

"हात फिरवा गुरुजी," गोदामावशी खुर्चीतून सांगत होती, "थापा, थापा... आवं, पाठीवर थाप द्यायलेत का भाकरीला? ह्या बाजूनं फाटायली! पाणी लावा. येवढं न्हाई! आता काय, खीर करायली का?"

अर्ध्या तासाच्या झटापटीनंतर गुरुजींची भाकरी तव्यावर गेली. वर रुंद, खाली निमुळती, पूर्वेला एक कोपरा बाहेर आलेला. पोरं हसून लोळायला लागली. गुरुजींनी मान वाकडी करून तिच्याकडे नीट पाहिलं आणि एकदम ताठ झाले.

"हसू नका. नकाशा आणा भिंतीवरचा." नकाशा आला. "हे बघा, जुनं हैदराबाद संस्थान. हे इथं फाटलंय ना, ती आपली गोदावरी. आणि हा करपलेला ठिपका, ह्यो परभणी जिल्हा. आता मला सांगा, ह्या हद्दीत किती भाषा बोलायचे?"

मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू, सगळं त्या भाकरीवर झालं. शेवटी गुरुजींनी तुकडे करून पोरांना वाटले. मला तेलंगणाचा भाग मिळाला. कच्चा होता. गोदामावशीनं अर्धा गुण दिला. तोही, ती म्हणाली, पिठाचा मान राखायला.

आता सगळं असं हसण्यावारी जात होतं असं नाही. गुरुजी बौद्ध वस्तीतले. त्यांना मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बघणंच गावातल्या काहींना जड गेलं होतं. पण तिथं त्यांना सरकारनं बसवलं होतं, बोलायची सोय नव्हती. गुरुजी त्या खुर्चीत ज्यांना बसवत होते त्यांचं मात्र तसं नव्हतं. गोदामावशीपर्यंत ठीक होतं. मग गुरुजींनी राहीमायला आमंत्रण दिलं.

राहीमाय गावाची सुईण. वेशीबाहेरच्या वस्तीत एकटी राहायची. सत्तरी गाठलेली, वाळक्या काडीसारखी, आवाज मात्र नगाऱ्याचा. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. अडल्या वेळी तिला घराच्या आतल्या खोलीत न्यायचे. काम झालं की मागच्या दारानं पाठवायचे. मी सरपंच आबासाहेबांच्या वाड्यालगतच्या खोलीत भाड्यानं राहत होते. शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा आवाज भिंतीतून स्पष्ट ऐकू आला.

"खुर्ची सरकारची हाय! तिच्यात कुणालाबी बसवायचं? उद्या जातोच शाळंत!"

'कुणालाबी' म्हणजे काय हे भिंतीपलीकडून मलाही कळलं. मला वाटलं गुरुजींना सांगावं. सकाळी लवकर जाऊन सांगितलंही. त्यांनी ऐकून घेतलं, थोडा वेळ पाटीवर बोटानं रेघा ओढत बसले.

"येऊ दे की," म्हणाले. "आबासाहेबालाबी लेकरू न्हाऊ घालता येत नसंल."

विषय तोच होता. आमच्या शाळेत निम्म्या पोरी कडेवर धाकटं भावंड घेऊनच यायच्या. त्यांना लेकरू कसं धरायचं, कसं न्हाऊ घालायचं, बेंबीला राख-शेण काही लावायचं नाही, नाळ कापायचं पातं उकळूनच घ्यायचं, हे राहीमायनं सांगायचं होतं. ती हे तालुक्याच्या नर्सबाईकडून शिकली होती आणि गावात कुणी तिचं ऐकत नव्हतं. दारात आली तेव्हा ती खुर्चीकडे बघत तशीच उभी राहिली.

"मी खालीच बसते, गुर्जी."

"खाली जागा न्हाई, माय. खाली आमी हाव."

ती बसली. पाय जमिनीला पुरत नव्हते, लोंबकळत राहिले. मग तिनं एका पोरीच्या कडेवरचं तान्हं मागून घेतलं आणि त्या क्षणापासून ती खुर्ची तिचीच असल्यासारखी वागू लागली. डोकं कसं धरायचं ते दाखवलं, पाणी कोपरानं कसं बघायचं ते दाखवलं, आणि लेकरू गुरुजींच्या हातात दिलं. गुरुजींनी ते दोन्ही हातांत जपून धरलं. लेकरानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि सदऱ्यावर धार सोडली.

"धरून ऱ्हावा!" राहीमाय कडाडली. "वलं झालं म्हून लेकरू टाकत न्हाईत!"

गुरुजी धरून राहिले. धार थांबेना. नेमक्या त्याच वेळी दारात आबासाहेब उभे राहिले. मागे चार माणसं. फेटा, काठी, लाल झालेला चेहरा.

"काय चाललंय हे? गुरुजी, ही शाळा हाय का काय हाय?"

लेकरू दचकलं आणि रडायला लागलं. आणि खुर्चीतून राहीमायचा आवाज आला, अगदी शांत.

"आब्या, हळू बोल. लेकरू भ्यायलंय."

आबासाहेबांना गेल्या चाळीस वर्षांत कुणी आब्या म्हटलं नसावं.

"तू असाच," राहीमाय सांगू लागली. "पायाळू आलतास. आधी पाय भाईर, दोन दिस तुझ्या मायला तकलीफ दिलीस, अन् आला तर निळा. रडंना. मी उलटा धरून दोन चापट्या हानल्या ढुंगनावर, तवा रडला. अन् आता बघा आवाज!"

मागच्या चार माणसांतला एक फिस्सकन हसला. मग दुसरा. राहीमायनं त्याच्याकडे बोट वळवलं. "तू नगं हसू. तुझंबी सांगू का?" तो माणूस भिंतीआड झाला. उरलेले तिघेही आपापला जन्म आठवत मागे सरकले.

मग गुरुजींच्या हातातल्या त्या रडणाऱ्या, ओल्या लेकराकडे आबासाहेबांचं नीट लक्ष गेलं. ते त्यांचं नातवंड होतं. चौथीतल्या नातीनं कडेवर आणलेलं.

"मान धरा गुरुजी, मान," ते पुटपुटले. "पडंल की."

"बराबर," राहीमाय म्हणाली. "आब्याला येतंय."

आबासाहेब काठी टेकत निघून गेले. राहीमायनं गुरुजींना पाच गुण दिले, सदरा भिजूनही लेकरू सोडलं नाही म्हणून. माझ्या आठवणीत तो त्यांचा उच्चांक.

पण तक्रार गेलीच. सह्या कुणाच्या होत्या ते शेवटपर्यंत कळलं नाही. आबासाहेबांची नव्हती एवढं मला त्यांच्या घरातून समजलं. महिनाभरानं तालुक्याहून साहेब चौकशीला येणार असा निरोप आला. दिवस सांगितला नव्हता. दोन्ही मास्तरांनी गुरुजींना समजावलं, काही शनिवार बंद ठेवा. नोकरीचा प्रश्न होता, पेन्शनला सात-आठ वर्षं राहिलेली. गुरुजी म्हणाले, "मारोतीबुवाला जबान दिलीय. त्यो अंबाडी भिजवून बसलाय."

मारोतीबुवा अंबाडीचे दोर वळण्यात पंचक्रोशीत नावाजलेला. दोर वळायचा तर एक जण धागे पुरवत बसतो आणि दुसरा पीळ देत देत मागे मागे जातो. गुरुजींना मागे जायचं काम मिळालं.

"मागं बघायचं न्हाई गुरुजी," मारोतीबुवा खुर्चीतून बजावत होता. "दोरावर ध्यान. पीळ सुटला की दोर गेला."

गुरुजी आज्ञाधारकपणे दोराकडे बघत उलटे चालू लागले. बाकं संपली, वर्ग संपला, दार आलं, गुरुजी उंबरा ओलांडून ओट्यावर गेले. तेवढ्यात बाहेर फटफटीचा आवाज थांबला. बुशकोट घातलेले, काखेत फाइल धरलेले एक गृहस्थ पायऱ्या चढून वर आले, आणि गुरुजी पाठमोरे त्यांच्यावर जाऊन आदळले.

फाइल खाली, कागद अंगणभर.

"मुख्याध्यापक कोण आहे इथं?"

"मीच," गुरुजी मान न वळवता म्हणाले. "जरा हे टोक धरता का? पीळ सुटंल."

साहेबांनी धरलं. का धरलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. गुरुजींनी सगळे कागद गोळा केले, धूळ झटकून क्रमानं लावले आणि साहेबांच्या दुसऱ्या हातात दिले. अशा रीतीनं एका हातात दोर आणि एका हातात तक्रार घेऊन चौकशी सुरू झाली.

"खुर्चीवर बाहेरच्या व्यक्तींना बसवता?"

"बसवतो."

"स्वतः जमिनीवर बसता?"

"बसतो."

"विद्यार्थ्यांसमोर..." साहेबांनी कागद जवळ धरला, "...नापास होता?"

"दर शनिवारी."

साहेबांनी कागद खाली केला. मग त्यांनी विचारलं, "पण का, गुरुजी? कशासाठी हे?"

मी गुरुजींना एवढे दिवस ओळखत होते, पण पुढचं कधी ऐकलं नव्हतं.

"मी चार वर्सं शाळा शिकलो ती अशा ओट्यावर बसून, साहेब. आत येऊ देत न्हवते. ओट्यावरनं फळा दिसायचा न्हाई. समोर लोहाराचा भाता दिसायचा, सुताराचा रंधा दिसायचा. म्हनलं, माझे मास्तर हेच. पण त्यांना कुनी मास्तर म्हनत न्हवतं. अन् मला हातानं काईबी आलं न्हाई, आकडेच आले, त्याला काय करायचं. म्हून आता खुर्ची मिळाली, तर त्यांना बसवतो."

आत मारोतीबुवा खुर्चीतून उठून उभा राहिला होता.

मग गुरुजींनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "साहेब, तुमाला काय येतंय?"

"मला? मी विस्तार अधिकारी आहे."

"ते कागदावर हाय. हातानं?"

साहेबांनी फाइलीकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "गोधडी."

"आं?"

"गोधडी शिवता येते. सोनपेठला आई लोकांच्या गोधड्या शिवायची. वडील नव्हते. मी तिच्यासमोर बसून दुसऱ्या टोकानं टाके घालायचो. नोकरी लागल्यावर..."

गोदामावशीच्या घरून जुनी लुगडी आली, सुई-दोरा आला. साहेबांना मोठ्या मानानं खुर्चीत बसवलं. पण गोधडी खुर्चीत बसून शिवता येत नाही. साहेब दोन मिनिटं अवघडले, मग बूट काढले आणि खाली पोरांत येऊन मांडी घातली. त्यांचा टाका बघण्यासारखा होता. बारीक, सरळ, सगळे सारख्या अंतरावर. पोरी वाकून वाकून बघत होत्या. खुर्ची तेवढा वेळ रिकामी होती. गुरुजींनी मन लावून एक पूर्ण रेघ शिवली आणि उठायला गेले तर गोधडी त्यांच्याबरोबर उठली. धोतर तिच्यात शिवलं गेलं होतं. साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. दोन गुण दिले.

जाताना शेरेबुकात त्यांनी लिहिलेला शेरा मी स्वतः वाचला. "तक्रारीतील सर्व मुद्दे खरे आढळले. मुख्याध्यापक जमिनीवर बसतात. मीही बसलो."

पुढच्या जूनमध्ये गुरुजींची बदली झाली, थेट सोनपेठकडे. त्या शेऱ्यामुळे की त्या शेऱ्याला न जुमानता, कुणी सांगितलं नाही. सामान न्यायला आबासाहेबांनी आपली गाडी-बैल पाठवले. स्वतः आले नाहीत. राहीमाय वेशीपर्यंत गाडीमागे चालत गेली आणि गाडीवानाला सारखी ओरडत होती, "हळू हाक, हळू!" जसं काही गाडीत तान्हं होतं.

ते गेल्यानंतरचा पहिला शनिवार वाईट गेला. गावात राहणारी मी एकटीच, म्हणून चार्ज माझ्याकडे आला होता. मी कुणालाच आमंत्रण दिलं नव्हतं. आपल्याला ते जमेल असं वाटेना. शेवटचे दोन तास आले, पोरं आपणहून गोल करून बसली आणि माझ्या तोंडाकडे बघू लागली. तेवढ्यात राहीमाय दारात आली. तिनं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आज कुनी न्हाई का? मग मीच बसते," म्हणाली, आणि जाऊन बसली.

गुरुजी मला त्यानंतर एकदाच दिसले. एका लग्नासाठी सोनपेठला गेले होते, परतीच्या गाडीची वाट बघत स्टँडवर उभी होते. बाजाराचा दिवस. गाठोडी, कोंबड्या, भांडणं. समोर परळीची गाडी सुटायच्या बेतात होती. तिच्या खिडकीत मला ती ओळखीची उंच मान दिसली. केस पुरते पांढरे झाले होते. मी "गुरुजी!" म्हणून हाक मारली, पण इंजिनच्या आवाजात कुठली ऐकू जायला. शिवाय त्यांचं लक्ष नव्हतंच. पोरसवदा कंडक्टर त्यांच्या शेजारी सीटवर बसला होता. आपला तिकिटांचा पंच त्यानं गुरुजींच्या हातात दिला होता, आणि गुरुजी कपाळाला आठ्या घालून एका कागदाच्या तुकड्यावर तो दाबत होते. बहुतेक उलटा धरला असावा, कारण कंडक्टरनं कपाळाला हात लावला, पंच फिरवून त्यांच्या बोटांत नीट बसवला आणि इंजिनच्या वर आवाज चढवून म्हणाला, "आवं असं न्हाई काका, असं!" दोघंही हसत होते. गाडी वळली, धूळ उडाली, आणि धूळ खाली बसेपर्यंत गाडी वळणाआड गेली होती.